मनिलाच्या जीपनीचे काळीज

मनिला शहरात नव्याने उतरलेल्या प्रवाशाची दृष्टी सर्वप्रथम वेधून घेते ती तेथील जीपनी. तोंड जीपगाडीचे, धड लहानशा बसचे आणि अंगावरचा साज लग्नाच्या वरातीचा, असे हे विलक्षण वाहन आहे. बॉनेटवर धातूचे चकचकीत घोडे उभे असतात. कपाळावर येशूचे नाहीतर मेरीमातेचे नाव असते आणि बाजूंवर मालकाच्या मुलाबाळांची नावे रंगविलेली असतात. एखाद्या गाडीवर 'ही सौदीची कमाई' अशा अर्थाचे शब्द दिसतात. आखाती देशांत वर्षानुवर्षे राबून साठविलेल्या पैशांतून ती घेतलेली असते, आणि मालकाला ते जगाला सांगायचे असते.

आत चढायचे ते मागच्या बाजूने. समोरासमोर दोन लांब बाकडी असतात आणि बसणाऱ्यांचे गुडघे गुडघ्यांना भिडतात. 'जीप' आणि भाड्याच्या मोटारीला अमेरिकेत रूढ असलेला 'जिटनी' हा शब्द यांच्या संयोगाने 'जीपनी' हे नाव सिद्ध झाले, असे जाणकार म्हणतात. इंग्रजीत गुडघ्याला 'नी' म्हणतात म्हणून ती 'जीप-नी', असे सामान्य लोक हसत सांगतात. आणि संध्याकाळच्या गर्दीत ही दुसरी व्युत्पत्तीच अधिक पटते. वाहक नसतो. 'बायाद पो', म्हणजे 'हे भाडे घ्या हो', असे म्हणून नाणी शेजाऱ्याच्या हातावर ठेवायची. ती हातोहात चालकापर्यंत पोचतात आणि उरलेली मोड त्याच वाटेने परत येते. उतरायचे झाले की 'मामा, पारा!' अशी हाक द्यायची. तागालोग भाषेत 'मामा' म्हणजे अनोळखी पुरुष. हा अर्थ कळेपर्यंत, आपले एस. टी. चे प्रवासी येथे कसे येऊन पोचले, याचे मला नवल वाटत होते.

या रंगरंगोटीबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला येथे सांगायचे आहे ते बॉनेटच्या आतले. कारण जीपनीचा खरा इतिहास तिच्या इंजिनाच्या अदलाबदलीचा इतिहास आहे, आणि आज तिच्यासंबंधी जो वाद पेटला आहे त्याचे मूळही तेथेच आहे.

अमेरिकन लष्कराच्या दप्तरी जीपची नोंद 'पाव टनी ट्रक' अशी होती. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून असे सहा लाखांहून अधिक ट्रक तयार केले. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५ या महिनाभरात मनिलात घरोघरी लढाई झाली. सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले, शहराचा जुना भाग जमीनदोस्त झाला आणि १९०५ पासून धावणारी ट्रामही नष्ट झाली. शहर उरले, पण शहरातून जाण्यायेण्याचे साधन उरले नाही. उलट लष्कराच्या तळांवर मात्र जीपगाड्यांच्या रांगा उभ्या होत्या आणि त्या परत नेण्याचा खर्च अमेरिकेला नको होता. १९४६ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्यात दहा कोटी डॉलर किमतीपर्यंतचे शिल्लक लष्करी सामान फिलिपाइन्सला देण्याची तरतूद होती. त्या सामानाबरोबर, आणि त्याआधीही विक्रीतून, जीपगाड्या सामान्य माणसांच्या हाती आल्या. त्याच सुमारास आपल्याकडेही 'डिस्पोजल'चा माल गावोगाव विकला जात होता, आणि १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. आपल्याकडे जीप कलेक्टरसाहेबाची आणि निवडणूक प्रचाराची गाडी झाली. मनिलात मात्र ती कामकऱ्याची बस झाली.

या परिवर्तनाशी एक नाव कायमचे निगडित आहे, लिओनार्दो साराव यांचे. ते मूळचे टांगेवाले. १९५३ साली उसनवार घेतलेल्या ७०० पेसोंवर त्यांनी मनिलाच्या दक्षिणेस लास पिन्यास येथे कारखाना काढला. जीपची चासी कापायची, मधे लोखंडाची भर घालून लांबवायची, वर छप्पर चढवायचे आणि दोन बाकडी टाकायची, असा हा उद्योग. बॉनेटवरचे घोडे म्हणजे टांग्याच्या घोड्यांची आठवण होय. पुढे लष्करी गाड्या संपत आल्या तेव्हा चासीही येथेच घडू लागली. सरावाने हात असा बसला की युद्धातील जीपचा एकही मूळ खिळा नसलेली, पण चेहऱ्याने थेट जीपच वाटणारी गाडी तयार होऊ लागली. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात साराव यांची जीपनी मांडलेली होती.

गाडी लांबली, पण इंजिन जुनेच राहिले, ही मोठी अडचण होती. विलीस जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे. चार शिपाई आणि त्यांचे सामान ओढण्यासाठी ते बनविलेले. त्याच्यावर सोळा माणसे लादली म्हणजे ते ओढी खरे, परंतु पेट्रोल पाण्यासारखे पिई. १९७३ च्या अखेरीस जगात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, आणि पेट्रोलवर जीपनी चालविणे परवडेनासे झाले. डिझेल स्वस्त होते आणि डिझेलचे इंजिन हळू गतीतही जोर देते. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला हवे असते तेच. नवे डिझेल इंजिन मात्र कोणाच्याच आवाक्यात नव्हते.

ते आले जपानातून, वापरलेले. जपानात मोटारींची सक्तीची तपासणी अत्यंत कडक आणि खर्चिक असते, व ट्रकांना तर ती दरवर्षी करावी लागते. त्यामुळे आपल्याकडे ज्याला कोणी जुना म्हणणार नाही असा ट्रक तेथे मोडीत निघतो. पुढे १९९२ साली मोठ्या शहरांतील हवेच्या रक्षणासाठी जपानने कायदा केला आणि २००३ च्या ऑक्टोबरात टोकियो शहराने ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक धूर सोडणाऱ्या डिझेल गाड्यांना प्रवेशबंदी केली. तेथून हद्दपार झालेल्या गाड्या आणि त्यांची इंजिने समुद्रापार गेली. त्यांतली बरीच मनिलाच्या बंदरात उतरली. टोकियोची हवा स्वच्छ होण्यात मनिलाच्या हवेने असा हातभार लावला आहे. ही गोष्ट तेथे फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

माकाती हा मनिलाचा श्रीमंत भाग. काचेच्या उंच इमारतींपासून थोड्याच अंतरावर एव्हांजेलिस्टा नावाचा रस्ता लागतो. आपल्या कुर्ल्याच्या भंगारबाजाराची ज्यांना ओळख आहे त्यांना हा रस्ता परका वाटणार नाही. दुकानांच्या दारांत गिअरबॉक्स उतरंडीसारखे रचलेले असतात. धुऱ्या, रेडिएटर, डायनामो, सायलेन्सर, प्रत्येकाचा ढीग वेगळा. कित्येक ट्रकांचे पुढचे अर्धे धड कापून जसेच्या तसे आणलेले असते. दाराच्या काचेवर ओसाकाच्या कुठल्याशा दुकानाचे नाव जपानी अक्षरांत अजून शाबूत असते.

इंजिन पारखण्याची येथील रीत पाहण्यासारखी आहे. जाणकार गिऱ्हाईक प्रथम तेलाची कांडी काढून नाकाशी नेते; तेलाला दुधाळ रंग असेल तर आत पाणी शिरले आहे असे समजून पुढे चालू लागते. मग फ्लायव्हील हाताने फिरवून पाहायचे. दाबाच्या ठिकाणी ते अडले आणि स्प्रिंगसारखे मागे आले तर पिस्टनच्या रिंगा ठीक. शेवटी बॅटरी जोडून इंजिन चालू करायचे आणि तेल भरण्याचे झाकण काढून तोंडावर तळहात धरायचा. आतून वाफेचा जोरदार भपकारा येत असेल तर त्या इंजिनाचे आयुष्य सरले. बोलणी होतात ती त्यानंतर.

या इंजिनांचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी मी लास पिन्यासला गेलो. या गावची दुसरी ख्याती म्हणजे तेथील चर्चमधला बांबूचा ऑर्गन. फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात तो बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. जीर्ण झाल्यावर १९७३ साली तो जर्मनीतील बॉन शहरी दुरुस्तीला पाठविला आणि १९७५ साली परत आणून बसविला. चर्चपासून पुढे एका गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, मी शोधत होतो तो कारखाना होता. त्या दिवशी तेथे दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या.

पहिली होती खरीखुरी लष्करी विलीस. केसोन प्रांतातल्या एका नारळ-बागाइतदाराची. गाडी वडिलांपासून घरात चालत आलेली, तिचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच थकलेले. तिच्यात इसुझुचे दोन लिटरचे सी-१९० हे डिझेल इंजिन बसविणे चालले होते. मिस्त्री साठीचा, बोलण्यात तुटक. हाताखालची पोरे त्याला 'कुया' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे 'दादा'.

मला वाटले होते की जुने इंजिन काढायचे आणि नवे त्या जागी बसवायचे. प्रत्यक्षात इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी तोडायची नाही, हा त्या कारखान्याचा पहिला नियम. दोहोंमधले घंटेच्या आकाराचे आवरण, क्लच आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट हे सर्व जपानच्या कारखान्यात एकमेकांना जुळविलेले असते. जीपचा मूळ गिअरबॉक्स ठेवून त्याला परके इंजिन जोडायचे झाले तर मधे जाड पोलादी पाट घडवावा लागतो, आणि त्याचा मध्य केसभर जरी चुकला तरी बेअरिंग काही महिन्यांत ओरडू लागते. म्हणून जोडीच्या जोडी साखळीच्या कप्पीने उचलून गाडीत उतरविली जाते.

परंतु जोडी टिकविण्यासाठी दुसरे काही गमवावे लागते. विलीसच्या गिअरबॉक्सच्या पाठीला एक पेटी असते. तिच्यातून पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटली जाते. याच पेटीमुळे जीप चिखलातून आणि वाळूतून चारही चाकांच्या जोरावर बाहेर पडे. ही पेटी उजव्या अंगाला सरकलेली असल्यामुळे मागच्या धुरीचा डिफरन्शियलचा गोळाही मधोमध नसतो, उजवीकडे असतो. इसुझुच्या गिअरबॉक्सचे टोक मात्र सरळ मध्यावर येते. तेव्हा पेटी काढली, मागची धुरीही काढली, आणि त्याच जपानी जातीच्या हलक्या ट्रकाची धुरी तेथे बसविली. याला दुसरेही कारण होते. जीपच्या धुरीत इंजिनाच्या शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करते. जुन्या धुरीवर ते रस्त्यात किंचाळत राहिले असते आणि वेग आला नसता.

थोडक्यात, त्या गाडीने युद्धात ज्या गुणाने नाव कमावले तोच गुण काढून बाजूला ठेवला होता. मी मिस्त्रीला विचारले, मालकाला याचे वाईट वाटले नाही का? तो म्हणाला, "बागेपर्यंत आता सिमेंटचा रस्ता आहे. त्याला नारळ न्यायचे आहेत, लढाईला जायचे नाही."

नंतरचे काम बारीकसारीक आणि वेळखाऊ. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एक पाटा वाढविला. इंजिन टेकविण्याचे कान चासीवर नव्याने वेल्ड केले, तेही मागे किंचित उतार ठेवून, कारण शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचा कोन सारखा नसेल तर गाडी वेगात थरथरते. शाफ्ट कापून मापाचा केला. जीपची वीज सहा व्होल्टची, तिच्यावर डिझेलचा स्टार्टर हलतसुद्धा नाही. तेव्हा सारी वायरिंग नवी. टाकीला एक जास्तीची नळी जोडली, कारण डिझेलच्या पंपातून उरलेले तेल परत टाकीत जावे लागते. पेट्रोल इंजिन ठिणगी बंद केली की थांबते. डिझेलला ठिणगीच नसते. त्याचे तेल तोडावे लागते, म्हणून चालकाच्या हाताशी एक ओढण्याची तार बसविली. सर्वांत शेवटी पंपाचे बोल्ट सैल करून नळ्यांतली हवा काढली. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी इंजिन धरत नाही. पोरगा हाताने पंप दाबत होता, फेस येत होता. फेस थांबून स्वच्छ तेल आले तसे मिस्त्रीने मान हलविली.

दुसरी गाडी जीपनी होती, सापोते ते बाक्लारान या मार्गावरची. तिचा मालक स्वतःच चालक. मनिलात असे थोडेच. बहुतेक चालक 'बाउंडरी'वर गाडी घेतात. दिवसाची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, डिझेल आपण भरायचे, आणि उरेल ते घरी न्यायचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हा हिशेब चांगला ठाऊक आहे. या गृहस्थाने सोळा वर्षे बाउंडरी भरून, नंतर कर्ज काढून ही गाडी घेतली होती. कर्जाचा काही भाग एका पंजाबी सावकाराकडचा. मोटारसायकलवरून दारोदार हप्ते गोळा करणारे हे आपले देशबांधव तेथे 'बुंबाय' या नावाने ओळखले जातात, आणि पाच देऊन सहा घेण्याच्या त्यांच्या रिवाजालाच 'पाच-सहा' असे नाव पडले आहे. मी मुंबईकडचा आहे हे कळताच तो क्षणभर सावध झाला, मग हसला.

त्याच्या जीपनीचे इंजिन निकामी झाले होते आणि त्याच्यापुढे मोठा पेच होता. २०१७ साली फिलिपाइन्स सरकारने सार्वजनिक वाहनांच्या आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली. पंधरा वर्षांवरच्या गाड्या हळूहळू काढून टाकायच्या, त्यांच्या जागी युरो-४ प्रतीचे इंजिन असलेल्या, पदपथाच्या बाजूला दार असलेल्या, आत माणूस ताठ उभा राहू शकेल अशा नव्या गाड्या आणायच्या, आणि सुट्या मालकांनी सहकारी संस्थांत एकत्र यायचे. एकत्र येण्याची मुदत अनेकदा वाढवून अखेर ३० एप्रिल २०२४ ही ठरली. मार्च २०२३ मध्ये चालकांनी संप केला तो याच प्रश्नावर. नव्या गाडीची किंमत वीस लाख पेसोंच्याही वर जाते. सरकारी अनुदान सुरुवातीला ८०,००० पेसोंचे होते.

सरकारची बाजू खोटी आहे असे मला म्हणवत नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले. मनिलाच्या चौकात अर्धा तास उभे राहिले की रुमाल काळा होतो. तो धूर सर्वांत अधिक ज्याच्या छातीत जातो तो खुद्द चालकच. खिडकीला काच नसते आणि दिवसाचे बारा-चौदा तास तो तेथेच बसलेला असतो. हा मालकही ते जाणत होता. संस्थेत तो सामील झाला होता, आणि जुनी गाडी रस्त्यालायक आहे तोवर काही काळ चालविण्याची मुभा त्याला होती. किती काळ, हे त्याला कोणी निश्चित सांगत नव्हते.

"नवी गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तिच्यात पंखा आहे, कॅमेरा आहे. पण ती बिघडली तर मी बॉनेट उघडून काय करणार? आत संगणक. कंपनीचा माणूस येईपर्यंत हप्ता थांबत नाही." त्याचा हा मुद्दा मला आकडेवारीपेक्षा वजनदार वाटला. जुन्या जीपनीत असा एकही भाग नाही की जो त्याने स्वतः कधी उघडला नाही, किंवा जो एव्हांजेलिस्टा रस्त्यावर मिळत नाही. गाडी त्याच्या मालकीची होती ती या अर्थानेही. सहकारी संस्थेच्या नव्या गाडीत त्याचा हिस्सा असेल, पगारही असेल. आणि आजारी पडला तर बाउंडरीची धास्ती नसेल, हे त्याची बायको त्याला वारंवार सांगत असे. घरात या विषयावर एकमत नव्हते, असे दिसले.

अखेर त्याने जपानी ट्रकाचे इंजिनच निवडले. त्यात मिस्त्रीने एका गोष्टीवर फार वेळ घालविला. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी निर्माण करते तिच्यावर ब्रेकला मदत मिळते. डिझेल इंजिनात तशी पोकळी तयार होत नाही. म्हणून जपानी इंजिनात डायनामोच्या पाठीला एक लहानसा पंप असतो, तो हवा खेचून ब्रेकला जोर पुरवितो. हा पंप थकलेला असेल तर वीस माणसांनी भरलेली गाडी उतारावर थांबत नाही. पहिला पंप त्याने नापसंत केला. दुसरा आणायला पोरगा एव्हांजेलिस्टा रस्त्यावर गेला तो दुपारनंतर परतला. इंजिन चालू करून, बंद करून, मिस्त्रीने ब्रेक तीनदा दाबून पाहिला. प्रत्येक वेळी पावलाखाली काय जाणवते ते मालकालाही दाबून पाहायला लावले.

कागदोपत्रीही काम बाकी होते. इंजिन बदलले की पोलिसांचा दाखला लागतो आणि नोंदणी बदलावी लागते. इंजिनावरच्या कोरीव क्रमांकावर चिकटपट्टी लावून, वरून पेन्सिल घासून मालकाने त्याचा छाप घेतला, आपल्या आर. टी. ओ. च्या दारात चासी नंबरचा घेतात तसाच. तो छाप त्याने आयातीच्या पावतीबरोबर वहीत जपून ठेवला.

तिन्हीसांजेला जीपनी बाहेर पडली तेव्हा तिचे जुने इंजिन कोपऱ्यात उलटे ठेवून पोरे ते उकलू लागली होती. क्रँकशाफ्ट मोजून, तेल लावून, कापडात गुंडाळला गेला. चार नोझल एका डब्यात गेले, धडके वॉल्व दुसऱ्या डब्यात. फुटलेला ब्लॉक तेवढा तराजूकडे ढकलला गेला. मिस्त्री हात पुसत लष्करी जीपच्या काढलेल्या धुरीपाशी आला. ती विकायची नाही, असे त्याने पोरांना बजावले; डोंगराकडचे एक गिऱ्हाईक चारही चाकांची जीप शोधत होते.